फिजीला जाताना प्लग, व्होल्टेज आणि अडॅप्टर: काय न्यावं, काय नको?

केतकी_कोथरूड

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब फिजीला जातोय. आम्ही दोघं, लेक आणि सासू-सासरे पुण्याहून, दीर-जाऊबाई मुलांना घेऊन न्यू जर्सीहून, आणि सगळे भेटणार नांदीला. आधी नांदी, मग बोटीने यासावा बेटांवर, शेवटी सुवा. तिकिटं झाली, हॉटेलं झाली, आता घोडं अडलंय ते विजेच्या प्लगवर.

तपकीर गल्लीत एका दुकानदाराने "परदेश म्हटलं की व्होल्टेज वेगळं" असं सांगून जडच्या जड कन्व्हर्टर समोर ठेवला. शेजारचा म्हणाला, ऑल-इन-वन घ्या, जगात कुठेही चालतो. दोघांपैकी कुणीही फिजीत कुठली पिन असते ते सांगितलं नाही.

सासऱ्यांना रात्री झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं) लागतं, त्यामुळे अंदाजपंचे काही करायचं नाहीये. सासूबाईंना पहाटेचा चहा स्वतःच्या हातचा लागतो, म्हणून किटली न्यायची आहे. जाऊबाई त्यांचा हेअर ड्रायर आणणार आहेत. बाकी फोन, लॅपटॉप, कॅमेरा नेहमीचंच. कुणी तिकडे राहिलं किंवा फिरलं असेल तर सविस्तर सांगा.

ऑकलंडकर

केतकीताई, तो कन्व्हर्टर घेऊ नका. फिजीत २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. आपल्याकडे २३० म्हणतात, पण घरात मीटर लावून बघा, २४० सहज दिसतात. भारतातली कुठलीही वस्तू फिजीत व्होल्टेजच्या कारणाने अडत नाही. फ्रिक्वेन्सीही तीच. फरक फक्त पिनांच्या आकाराचा.

तिथे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची पिन चालते, तिला टाइप आय म्हणतात. वर दोन चपट्या पिना तिरक्या, एकमेकींकडे कललेल्या, आणि खाली मधोमध तिसरी उभी चपटी पिन अर्थिंगची. गोल पिन आत जाणारच नाही. सॉकेटला आपल्यासारखंच बटण असतं आणि खाली दाबलं की चालू, तेव्हा सासू-सासऱ्यांना नवीन काही शिकावं लागणार नाही. न्यू जर्सीच्या मुलांना मात्र सांगून ठेवा. त्यांच्याकडे बटण वर केलं की दिवा लागतो.

आम्ही ऑकलंडहून फिजीला जातो तेव्हा काहीच नेत नाही, घरचेच चार्जर चालतात. तुमच्या ओळखीचं कुणी सिडनी-मेलबर्न-ऑकलंडहून दिवाळीआधी पुण्यात येणार असेल तर त्यांना अडॅप्टर आणायला सांगा. भारतीय पिन घेऊन तिरकी पिन देणारा, तीन पिनांचा. इकडे भारतीय वस्तूंच्या दुकानात सहज मिळतो.

खमंग_कोल्हापूर

धागा मोलाचा आहे, वाचनखूण साठवली. आम्ही पुढच्या वर्षी जाणार.

भटकभवानी

आम्ही गेलो होतो तेव्हा आमच्या ह्यांनी चक्क छोटा कुकर बॅगेत टाकला. म्हणे, शिट्टीला अडॅप्टर लागत नाही!

आता गंभीरपणे. ऑल-इन-वनबद्दल माझं मत वाईट आहे. तो ठोकळा जड असतो. फिजीत बऱ्याच खोल्यांत सॉकेट टेबलाच्या वर भिंतीवर असतं. त्यात हा ठोकळा, त्याला लॅपटॉपचा चार्जर लटकलेला, म्हणजे सगळं वजन त्या दोन पातळ पिनांवर. हळूहळू पुढे झुकतो आणि पिनांचा वरचा भाग उघडा पडतो. आमच्या खोलीत रात्री "चिर्र चिर्र" असा आवाज यायला लागला, बघितलं तर ठिणग्या. लगेच बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी नांदीच्या मेन स्ट्रीटवरच्या दुकानातून साधा, बुटका अडॅप्टर घेतला. तो भिंतीला चिकटून बसला तो निघेपर्यंत हलला नाही. दुकानदार फिजी हिंदीत बोलत होते, आम्ही आपली मुंबईची हिंदी, सगळा व्यवहार छान झाला.

वायरमन_काका

भटकभवानीताईंनी सांगितलेली ठिणगीची गोष्ट लक्षात ठेवा, आगी अशाच लागतात. ढिला कॉन्टॅक्ट म्हणजे उष्णता. अडॅप्टर हाताला गरम लागला तर तो वापरायचा नाही, बस.

माझा जन्म याच कामात गेला, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ऑल-इन-वनमधल्या त्या पिना नीट बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये अमेरिकेच्या सरळ पिनाच वळवून तिरक्या करतात आणि ऑस्ट्रेलियाची पिन म्हणतात. तिथे तिसरी पिन नसतेच, म्हणजे अर्थिंग नाही. तुमचा तीन पिनी टॉप (म्हणजे वायरीचा प्लग) वरून व्यवस्थित बसतो, पण मधल्या जाड पिनेला पुढे काही जोडलेलंच नसतं. फोनच्या चार्जरला फरक पडत नाही, त्याला मुळात दोनच पिना. पण किटली, इस्त्री अशी धातूची, पाण्याची, तापणारी वस्तू अर्थिंगशिवाय लावू नये. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं ना, तेही यामुळेच. चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून किंचित करंट गळत असतो. अर्थिंग असलं की तो निघून जातो, नसलं की तुमच्या हातातून जातो. धोका नाही, पण म्हाताऱ्या माणसाला दचकायला होतं.

दुसरी गोष्ट अँपिअर. भिंतीतलं नेहमीचं सॉकेट १० अँपिअरचं असतं, म्हणजे २४० व्होल्टवर २४०० वॉट. पण स्वस्त अडॅप्टरवर बारीक अक्षरात ६ अँपिअर लिहिलेलं सापडेल. आपली १५०० वॉटची किटली २४० व्होल्टवर पावणेसात अँपिअर घेते. म्हणजे सॉकेट झेपवतं, मधला अडॅप्टर झेपवत नाही. किटलीसाठी घ्यायचाच तर १० अँपिअर लिहिलेला आणि अर्थिंगची पिन असलेलाच घ्या.

आणि किटलीचा टॉप मोठा, १६ अँपिअरचा जाड पिनांचा असेल तर तो लहान अडॅप्टरमध्ये शिरणारही नाही. जबरदस्ती करू नका. कुणी टॉप कापून दुसरा बसवायला सांगितलं तरी ऐकू नका.

निखिल_तंत्रवेडा

काका, +१. पण मला वाटतं आपण १० वर्षांपूर्वीचं सामान धरून बोलतोय. आता एक ६५ वॉटचा गॅन चार्जर (नव्या प्रकारचा, आकाराने लहान पण ताकदीचा), तीन-चार पोर्टवाला, घेतला की फोन, टॅब, लॅपटॉप, कॅमेरा सगळं त्यावर. त्याला एक तिरक्या पिनेचा अडॅप्टर लावला की संपलं. प्रत्येक माणशी चार्जर आणि प्रत्येक चार्जरला अडॅप्टर हा हिशेबच चुकतो.

ऑकलंडकर

@निखिल, हे बरोबर. फक्त घेण्याआधी लॅपटॉपला टाइप सी वरून चार्जिंग होतं का आणि किती वॉट लागतात ते बघा. गेमिंगचे लॅपटॉप ६५ वर भागत नाहीत.

मुळामुठा

मी नेहमी एकच चांगला अडॅप्टर आणि घरचा चार सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड नेतो. बोर्डवर सगळे भारतीय टॉप बसतात, भिंतीत एकच अडॅप्टर. कुणालाच काही शोधावं लागत नाही. फिजी, सामोआ, टोंगा, व्हानुआतू सगळीकडे तीच तिरकी पिन, त्यामुळे तोच संच सगळीकडे चालतो.

वायरमन_काका

@मुळामुठा, फोन-लॅपटॉपपुरतं ठीक. पण त्या बोर्डवर कुणी किटली लावली, शेजारी इस्त्री लावली, की सगळा लोड त्या एका अडॅप्टरवर. घरी एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप वीज तोडणारा स्विच) ट्रिप होईल असा लोड इथे आधी अडॅप्टर वितळवेल. तुम्ही काळजी घ्याल हो, पण पाच-सात माणसांच्या खोलीत मोकळं सॉकेट दिसलं की कुणीही काहीही लावतं.

मुळामुठा

काका, म्हणूनच मी बोर्डवर चिकटपट्टी लावून "फक्त चार्जर" लिहून ठेवतो. आईसुद्धा पाळते.

वायरमन_काका

मग तुमच्याशी भांडण नाही.

रारिटनकाठ

मी न्यू जर्सीतल्या एडिसनहून लिहितोय. केतकीताई, तुमच्या धाग्यात खरी जोखीम तुमच्या पुण्याच्या सामानाची नाही, दिरांच्या सामानाची आहे. कृपया त्यांना हे आजच पाठवा.

अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इथले हेअर ड्रायर साधारण १८७५ वॉटचे असतात आणि बहुतेक फक्त १२५ व्होल्टपर्यंतचे. २४० वर लावला तर व्होल्टेज दुप्पट, करंट दुप्पट, म्हणजे पॉवर चौपट. कागदावर ७५०० वॉट आणि ३१ अँपिअर. तेवढं व्हायच्या आधी एमसीबी उडेल किंवा ड्रायरची तार जळेल. आणि अमेरिकेच्या पिनेवर तिरक्या पिनेचा अडॅप्टर चढवला की तो अगदी सहज सॉकेटमध्ये जाऊन बसतो! अडॅप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्टेज तेवढंच राहतं. हे इथल्या भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

जाऊबाईंच्या ड्रायरवर १२५/२५० असं लिहिलेलं असेल आणि नाण्याने फिरवायची खाच असेल तर तो प्रवासाचा ड्रायर आहे. खाच २५० वर फिरवून बिनधास्त वापरा. नसेल तर घरी ठेवा, हॉटेलात विचारा, बहुतेक ठिकाणी असतो.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट स्पाईक गार्डची. अमेरिकेतला सर्ज प्रोटेक्टरवाला बोर्ड फिजीत अजिबात लावायचा नाही. त्याच्या आत व्हॅरिस्टर नावाचा भाग असतो. व्होल्टेज १२० च्या बरंच वर गेलं की तो वीज स्वतःतून वळवून घेतो, जेणेकरून पुढची वस्तू वाचावी. २४० वर तो लावल्या क्षणापासून सतत वळवत राहतो, तापतो, फुटतो, पेटूही शकतो. बोर्डवर एकही वस्तू लावलेली नसली तरी. आपण ड्रायरला घाबरतो आणि साध्या दिसणाऱ्या बोर्डकडे लक्षच जात नाही.

त्यांचे फोन-लॅपटॉपचे चार्जर मात्र चालतील. प्रत्येकावर "इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" लिहिलेलं असतं. ते वाचायचं. तसं लिहिलेलं असेल तर जगात कुठेही फक्त पिनेचा प्रश्न.

केतकी_कोथरूड

बाप रे! रारिटनकाठ, मनापासून आभार. दिरांना फोन केला. त्यांनी खरंच सहा सॉकेटचा सर्ज प्रोटेक्टर बॅगेत भरून ठेवला होता, सगळ्यांना पुरेल म्हणून. तो काढायला सांगितला. जाऊबाईंचा ड्रायरही फक्त १२५ चा निघाला.

मग दीर म्हणतात, तिकडे मिळणारा हलका ट्रॅव्हल कन्व्हर्टर घेऊन येऊ का?

रारिटनकाठ

नको. ते हलके, २००० वॉट लिहिलेले कन्व्हर्टर विजेची लाट (एसी व्होल्टेजचा चढउतार) कापून देतात. तापणाऱ्या साध्या वस्तूला ते कसेबसे चालतात, इलेक्ट्रॉनिक्स त्यावर लावलं तर खराब होतं. आणि हल्लीच्या ड्रायरमध्येही इलेक्ट्रॉनिक्स असतंच. ड्रायरइतक्या वॉटेजचा खरा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो कित्येक किलोचा. त्यापेक्षा नवा दोन व्होल्टेजचा ड्रायर स्वस्त.

अजून एक. काही हॉटेलांच्या बाथरूममध्ये दाढीच्या मशीनसाठी ११० चं सॉकेट असतं आणि त्यात अमेरिकन पिन जाते. ते फक्त दाढीच्या मशीनपुरतं, आतला ट्रान्सफॉर्मर चिमुकला असतो. ड्रायर तिथेही नाही.

इतिहासगल्ली

थोडं अवांतर, पण या तिरक्या पिनेची गोष्ट मला फार आवडते. तिचा आराखडा मुळात अमेरिकन आहे. तिथल्या हार्वी हबेल या उद्योजकाने १९१० च्या दशकात तिरक्या पिनांच्या प्लगचं पेटंट घेतलं. अमेरिकेने सरळ पिना धरल्या आणि ही रचना १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियाने प्रमाण म्हणून उचलली. आपल्याकडे आली ती ब्रिटिशांची गोल पिन. खुद्द ब्रिटनने १९४७ च्या सुमाराला चौकोनी पिनांचा नवा प्लग ठरवला, पण आपण गोल पिनच धरून राहिलो.

फिजीही १९७० पर्यंत ब्रिटिशांचीच वसाहत. पण तिथे ना गोल पिन टिकली ना चौकोनी, शेजारच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची आली. सामान तिथूनच यायचं. १८७९ मध्ये कोलकात्याहून 'लिओनिदास' जहाजाने पहिले गिरमिटिये (करारावर नेलेले मजूर) फिजीत उतरले आणि १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं गेली, उसाच्या मळ्यांत राबायला. त्यांच्या वंशजांच्या दुकानातून आज पुण्याची माणसं अडॅप्टर घेतात, याचं मला अप्रूप वाटतं.

पोफळीकर

इतिहासगल्ली, सुंदर. अवांतरात माझी भर. फिजीच्या मुख्य बेटाची, विती लेवूची, बरीचशी वीज पाण्यावरची आहे. मोनासावू धरणाचं पाणी डोंगरातून खाली आणून वाइलोआच्या केंद्रात वीज करतात, ८० मेगावॉट, १९८३ पासून. आमच्या कोयनेचे १९६० मेगावॉट डोळ्यासमोर ठेवून बघितलं तर आकडा लहान वाटेल, पण त्या देशाची लोकसंख्या नऊ-दहा लाखांच्या घरात. डोंगराच्या पोटातून पाणी आणण्याची करामत तीच. माझे वडील कोयनेवर होते, त्यामुळे हे वाचून ऊर भरून आला.

ऑकलंडकर

पोफळीकरांच्या मुद्द्यावरून एक कामाची गोष्ट. ती ग्रिडची वीज नांदी, लाउतोका, सुवा इथे. यासावाची बेटं त्या ग्रिडवर नाहीत. तिथल्या प्रत्येक रिसॉर्टची वीज स्वतःची, डिझेल जनरेटर, सौर पॅनेल किंवा दोन्ही. मोठ्या ठिकाणी २४ तास असते, छोट्या ठिकाणी आणि होमस्टेत ठरावीक वेळ. केतकीताईंनी सीपॅपचा विचार इथे करायला हवा, नांदीत नाही.

निशिगंध

हेच लिहायला आले. माझे बाबा बरीच वर्षं सीपॅप वापरतात, त्यांना घेऊन आम्ही यासावाच्या एका लहान बेटावर राहिलो आहोत. म्हणून जरा सविस्तर.

मशीनचा विजेचा ठोकळा उलटा करून बघा, १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे नांदी-सुव्यात फक्त पिन. आमच्या मशीनची वायर तीन पिनी होती, म्हणून अर्थिंगवाला वेगळा अडॅप्टर फक्त त्यासाठी ठेवला. तो दुसऱ्या कुणीही वापरायचा नाही असा घरात कायदाच केला होता.

बेटावर पोचायच्या आधीच ईमेलवर विचारा: रात्री जनरेटर बंद होतो का, किती वाजता, आणि खोलीत रात्रभर चालू राहणारं सॉकेट आहे का. "आमच्याकडे वीज आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. आमच्या ठिकाणी असंच उत्तर आलं होतं. आणखी खोदून विचारल्यावर कळलं की रात्री जनरेटर बंद करतात आणि खोलीत फक्त सौर बॅटरीवरचा दिवा उरतो. कळलं म्हणून आम्ही सीपॅपची बॅटरी घेऊन गेलो. रात्री उशिरा जनरेटरची घरघर थांबली, पंखा फिरता फिरता मंदावला, आणि बाबांचं मशीन मात्र तसंच सुरू राहिलं. मला तेव्हा कुठे झोप लागली.

मशीनचा ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) आणि गरम नळी बंद ठेवली तर बॅटरी बरीच जास्त टिकते. ते चालेल का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, मशीनबरोबरच्या पुस्तकात बघा आणि घरी एक रात्र बॅटरीवर झोपवून बघा. बाबांना फिजीत हवा दमट असल्याने त्रास झाला नाही.

सौर इन्व्हर्टरवरची वीज असेल तर लाट कशी आहे तेही विचारा. आपल्याकडच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा कसा गुणगुणतो, तसली वीज काही मशीनना चालत नाही.

केतकी_कोथरूड

निशिगंध, तुमचा हात हातात घ्यावासा वाटतोय. आम्हाला रिसॉर्टने नेमकं "वीज आहे" एवढंच कळवलं होतं. आत्ताच परत ईमेल टाकला. बॅटरी विमानात नेऊ देतात का?

निशिगंध

हो, पण हातातल्या सामानात. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायच्या नाहीत, हा नियम सगळीकडे. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडत नाही, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची आधी परवानगी, त्यावर प्रवासी विमानात नाहीच. सीपॅप मशीनही कधीच चेक-इन करू नका. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत जवळ ठेवा आणि विमान कंपनीला आधी कळवा.

निखिल_तंत्रवेडा

पॉवर बँकचा हिशेब सोपा आहे. २०,००० एमएएच लिहिलेली असेल तर ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा, ७४ वॉट-अवर. २७,००० च्या आसपास १०० ची हद्द येते. आकडा पुसला गेला असेल तर विमानतळावर काढून घेऊ शकतात, म्हणून छापील नीट दिसणारी न्या.

आजोळ_वाई

आमच्या हॉटेलात दाराजवळ कार्ड घालायची खाच होती. कार्ड काढलं की पूर्ण खोली बंद. कॅमेरा चार्जिंगला लावून फिरायला जाल तर परत आल्यावर तेवढाच चार्ज असेल. फ्रिजचं सॉकेट सहसा चालू राहतं, रिसेप्शनला विचारून घ्या.

स्मिता_पर्थ

पर्थहून. लहान मुलं बरोबर आहेत म्हणून सांगते. इथल्या प्रमाणित प्लगच्या पिनांना वरच्या भागात काळं प्लॅस्टिकचं आवरण असतं. प्लग अर्धवट निघाला तरी बोट धातूला लागत नाही. स्वस्त आयात अडॅप्टरला बऱ्याचदा ते नसतं, पूर्ण पिन चकचकीत धातूची. चीनमध्येही हीच तिरकी पिन चालते, तिकडच्या मालाला आवरण नसतं आणि पिन किंचित लांब असते. सॉकेटमध्ये बसते, पण मुलं असतील तर आवरणवालाच घ्या. अडॅप्टर हातात घेऊन पिना बघायच्या, दोन सेकंदांचं काम आहे.

भटकभवानी

स्मिता, हे मला ठाऊक नव्हतं, आमचे सगळे आज ड्रॉवरमधून काढून तपासते.

केतकी, दिवाळीला फिजीत सार्वजनिक सुट्टी असते. घरांवर, दुकानांवर रोषणाई बघण्यासारखी. पण नेमकं त्या दिवशी दुकानात जाऊन अडॅप्टर घेऊ असा बेत ठेवू नका. आणि नोव्हेंबरपासून वादळांचा मोसम सुरू होतो, लाईट गेले तर हाताशी टॉर्च असू द्या, प्रत्येक खोलीत एक. २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन वादळाने तिथे कितीतरी गावांची वीज तोडली होती. दिवाळीत सहसा तसं काही नसतं, तरी म्हाताऱ्या माणसांना अंधारात बाथरूम शोधायला लागू नये.

खमंग_कोल्हापूर

चहाचं काय ठरलं? सासूबाईंचा प्रश्न सगळे विसरले.

ऑकलंडकर

खमंग, चांगली आठवण केलीत. नांदी-सुव्याच्या बहुतेक हॉटेल खोल्यांत किटली असतेच, ही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची पद्धत. नसेल तर मागितली की देतात. पुण्याहून नेण्याची गरज नाही. बेटावर मात्र किटली लावूच नका, नेलेली असली तरी. जनरेटरवर १५०० वॉट म्हणजे मोठा लोड. तिथे जेवणघरात उकळतं पाणी मागा, आनंदाने देतात. चहा पावडर, साखर, वेलची बरोबर न्या. खाण्याची प्रत्येक वस्तू उतरल्यावर फॉर्मवर जाहीर करायची, तिथली तपासणी कडक आहे.

मुळामुठा

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर आकड्यांत कुणीच दिलं नाही. पुण्याच्या पाच जणांना किती अडॅप्टर? माझ्या मते चार. सीपॅपचा एक, तो राखीव. दोन खोल्यांना एकेक. आणि एक जास्तीचा, कारण एक हमखास हॉटेलात भिंतीतच राहतो. दिरांना अमेरिकन पिन घेऊन तिरकी पिन देणारे वेगळे दोन. सिंगापूरमार्गे जात असाल तर तिथल्या मुक्कामासाठी तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा एक.

वायरमन_काका

चारही एकसारखे, अर्थिंगवाले, १० अँपिअरचे घ्या. म्हणजे घाईत कुणीही कुठलाही उचलला तरी बिघडत नाही. घरी आणल्यावर आपला टॉप त्यात खोचून बघा. घट्ट बसला पाहिजे, उलटा धरून हलवला तरी पडता कामा नये. ढिला असेल तर परत करा.

केतकी_कोथरूड

सगळ्यांचे खूप आभार. रिसॉर्टचं उत्तर आलं: रात्री ११ ते सकाळी ६ जनरेटर बंद, पण कार्यालयाशेजारच्या एका खोलीला सौर बॅटरीवर रात्रभर वीज आहे आणि ती सासऱ्यांसाठी राखून ठेवतो म्हणाले. तरीही बॅटरी नेतोच आहोत. उद्या सासरे घरी त्यावर झोपून बघणार आहेत. अडॅप्टर सिडनीहून येणारी मैत्रीण आणतेय, पिनांना आवरण असलेले. किटली राहिली घरी. सासूबाई म्हणाल्या, उकळतं पाणी मिळणार असेल तर आलं मी किसून नेते. ते आलं सोबत न्यायचं की नाही?

ऑकलंडकर

ताजं आलं नका नेऊ, ताजी फळं-भाज्या-कंदांवर बंधनं आहेत. आलं फिजीतच पिकतं, सुव्याच्या बाजारात ढिगाने मिळतं. नांदीच्या बाजारातही मिळेल.

दर्याकिनारी

धागा वर काढतोय. आमचा बेत फिजीचा नाही, पलाऊचा आहे, डायव्हिंगसाठी. तोही पॅसिफिकमधलाच देश, म्हणजे हेच अडॅप्टर चालतील ना? किटली मी नेतोय, तिथे खोली साधी आहे.

रारिटनकाठ

नाही चालणार. पलाऊ, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया, तसंच ग्वाम आणि अमेरिकन सामोआ इथे अमेरिकेची पद्धत: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, सरळ चपट्या पिना. नुसत्या सामोआत तिरकी पिन, अमेरिकन सामोआत सरळ, हे लक्षात ठेवा. ताहिती आणि न्यू कॅलेडोनियात तिसरंच, फ्रेंच गोल पिना, आणि ताहितीत २२० व्होल्ट असूनही ६० हर्ट्झ.

पलाऊला तुमचे फोन, कॅमेरा, डायव्हिंग टॉर्चचे चार्जर १००–२४० लिहिलेले असतील तर चालतील, अमेरिकन पिनेचा अडॅप्टर घ्या. किटली मात्र घरीच ठेवा. जळणार नाही, पण पुण्यातली १५०० वॉटची किटली १२० व्होल्टवर जेमतेम ४०० वॉटची होते. पाणी उकळायला चौपट वेळ लागेल.

दर्याकिनारी

समजलं. अमेरिकन पिनेचे दोन घेतो, किटली रद्द. टॉर्चच्या चार्जरवर "२२०–२४०" एवढंच लिहिलंय, त्याचं काय करू?

वायरमन_काका

तो १२० वर एकतर चार्ज करणार नाही किंवा अर्धवट करेल, आणि अर्धवट चार्ज झालेली टॉर्च घेऊन पाण्याखाली जायचं नाही. त्याच बॅटरीचा १००–२४० लिहिलेला चार्जर घ्या आणि निघायच्या आधी घरी पूर्ण चार्ज करून, किती वेळ जळते ते घड्याळ लावून बघा.